दोनशे बारा दारं आणि एक गळकी बादली

मी एक जुनी बादली आहे. माझं बूड गळतं, आणि त्या गळक्या बुडामुळेच कोकसाय गावावर येणारं विषाचं विमान आलं नाही.

मित्रांनो, हे वाक्य चुकून सुटलं. असं काही झालेलं नाही. विमान नव्हतं, विष नव्हतं, माझं बूडही ठणठणीत होतं. आपण पहिल्यापासून सुरुवात करू. शेवटाशी पोचलो की तुम्ही सगळ्यांनी मिळून चकित व्हा, म्हणजे झालं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तो कारखाना पाणबुड्यांचे भाग करायचा, असं तिथले कामगार दबक्या आवाजात सांगत. समुद्र तिथून तीन हजार किलोमीटर लांब होता, त्यामुळे शत्रूला संशय येण्याचं कारण नव्हतं. उरलेल्या पत्र्यातून बादल्या काढत. म्हणजे माझ्या अंगात पाणबुडीचं रक्त आहे. पाण्याचं मला कधी भय वाटलं नाही.

गावच्या दुकानात मला दोसानने निवडलं. दोसान मेंढपाळ होता. त्याने मला उलटं केलं, बुडावर टिचकी मारली, कान लावून ऐकलं आणि म्हणाला, ही बोलते. घरी आल्यावर त्याच्या आईने विचारलं, की घरात बोलणारी माणसं कमी होती का. कोपऱ्यात कानिपा उभी होती. तिचं दोसानशी लग्न होऊन आठवडा झाला होता आणि तोवर ती एकही शब्द बोलली नव्हती. त्या वेळी ती पहिल्यांदा हसली. त्या घरातलं माझं पहिलं काम हेच, आणि त्यात पाणी लागलं नाही.

कोकसायच्या माळावर एक प्राणी राहतो. आमच्याकडे त्याला सारशुनाक म्हणतात. मी भुईखार म्हणेन, कारण ती खारच आहे, फक्त तिला झाडावर चढायचं सुचलेलं नाही. माळावर झाडच नाही, त्यामुळे हा तिचा दोष धरता येत नाही. ती बिळात राहते. वर्षातले सात-आठ महिने झोपते. उरलेल्या दिवसांत दोन पायांवर उभी राहून माणसांकडे अशी बघते, की आपणच घरातून काहीतरी विसरून आलोय असं वाटावं. आणि गव्हाचे कोवळे कोंब खाते. हा शेवटचा मुद्दा सोडला तर गावाचं तिच्याशी काही वैर नव्हतं.

पहिली पद्धत पाण्याची. वसंत ऋतू आला की शाळा बंद व्हायची आणि सगळा गाव बादल्या घेऊन माळावर जायचा. एका बिळात तीन बादल्या पाणी ओतायचं. तिसऱ्या बादलीला खार बाहेर येते. येते, पण दुसऱ्या दारातून. मग अंग झटकत बाजूला उभी राहते आणि आपण काय ओततोय ते बघते. काही खारी हाती लागायच्या, त्यांच्या कातड्याच्या टोप्या व्हायच्या. बाकीच्या जाऊन कोरड्या बिळात राहायच्या. पाच वर्षं हे चाललं. जिथे पाणी ओतलं तिथे गवत गुडघ्याएवढं वाढलं, आणि ते गवत खायला पलीकडच्या माळावरच्या खारी आल्या.

पण माझं कौतुक झालं. गावात सगळ्यात जास्त पाणी वाहिल्याबद्दल दोसानचा फोटो शाळेच्या भिंतीवर लावायचं ठरलं. फोटोत तो दर वेळी डोळे मिटायचा. चार प्रयत्न झाल्यावर फोटोवाल्याने माझा फोटो काढला. दोन वर्षं मी त्या भिंतीवर होते. जाता-येता मुलं मला नमस्कार करत. मी तेव्हा तरुण होते. मला वाटलं, जगात असंच असतं.

मग ओट आले.

एका मे महिन्यात ट्रकमधून करड्या रंगाच्या ओटाची पोती उतरली. त्याबरोबर आलेल्या माणसाने माझ्या पोटावर लाल पट्टा ओढला आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘विष’ असं लिहिलं. मला कोणी विचारलं नाही. बादलीला विचारायची पद्धत नसते. दोसानने मला कडीने उचललं आणि लाकडी चमच्याने एकेका बिळाच्या तोंडाशी तो चमचा-चमचा ओट टाकत गेला. तेव्हा ते गावाच्या भल्याचं काम होतं. तो ते नेटकेपणाने करत होता.

दोन आठवड्यांत खारी संपल्या. माळ इतका शांत झाला की मेंढ्या बावरल्या. कागदावर ही पद्धत सगळ्यात उत्तम ठरली. कागद त्याच आठवड्यात लिहिला गेला होता. तिसऱ्या आठवड्यात माळावर घारी पडलेल्या दिसू लागल्या. मग ससाणे. मग गरुडांची एक जोडी. त्यांनी ओट खाल्ले नव्हते. ओट खाल्लेल्या खारी खाल्ल्या होत्या.

दोसानची एक ताझी कुत्री होती, लांब पायांची, वाऱ्यासारखी पळणारी. तिचं नाव उश्कर. एका सकाळी ती तोंडात खार धरून अंगणात आली आणि नेहमीसारखी शाबासकीसाठी दोसानपुढे बसली. दुपारपर्यंत तिचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. मी चार हातांवर भिंतीला टेकून उभी होते. माझ्यात अजून दोन मुठी ओट शिल्लक होते.

तिला पुरल्यावर दोसान मला घेऊन ओढ्यापर्यंत गेला आणि त्याने मला दरडीवरून खाली भिरकावलं. दुसऱ्या दिवशी कानिपा येऊन मला घेऊन गेली. तिने राखेने मला चाळीस वेळा घासलं. रंग निघाला नाही. भांड्याचा काय दोष, असं ती म्हणाली आणि तिने मला गोठ्यामागे पालथं घातलं. दोसानने मरेपर्यंत मला हात लावला नाही. मी त्याला दोष देत नाही.

खारी तीन वर्षांत परत आल्या. गरुड आले नाहीत.

मित्रांनो, गोठ्यामागे पालथं पडून राहणं हे तसं वाईट नसतं. कोंबड्या माझ्यावर बसत. पाऊस पडला तर वाजायला मिळे. पण बुडाला गंज धरला आणि एका हिवाळ्यात तिथे बोट जाईल एवढं भोक पडलं. गळकी बादली म्हणजे काय, तर कडी असलेलं भोक. आता मी कोणत्याही कामाची उरले नाही, असं मी धरून चालले.

मधल्या काळात धुराची पद्धत येऊन गेली. दोसानचा चुलतभाऊ झुमाश ट्रॅक्टर चालवायचा. त्याने ट्रॅक्टरच्या धुराड्याला रबरी नळी जोडली, नळी बिळात घातली आणि इंजिन चालू केलं. धूर अकरा बिळांमधून आला. बाराव्या ठिकाणी तो कानिपाच्या भाकरीच्या भट्टीतून आला. खारी बाहेर येऊन उभ्या राहिल्या आणि खोकल्या. कानिपाही बाहेर येऊन उभी राहिली. ती झुमाशला काय म्हणाली ते मी लिहीत नाही, कारण तुमच्यात लहान मुलंही असतील. तो मात्र आजही तिला विचारतो, की वहिनी, त्या दिवशीच्या भाकरीला इतकी खमंग चव कशी आली होती.

अशी तीस वर्षं गेली. एक दिवस अक्मारल आली.

अक्मारल शहरातल्या एका संशोधन केंद्रातली तरुण मुलगी होती. तिच्याकडे एक मोजपट्टी, खांबांनी भरलेला एक ट्रक आणि एक प्रश्न होता: खारी आटोक्यात ठेवायची कोणती पद्धत एका वर्षासाठी नाही, तर अनेक वर्षांसाठी चालते? आमच्या गावात हा प्रश्न तोवर कोणी विचारला नव्हता. आम्ही दर वर्षी नव्याने चुकायचो. ती कानिपाच्या घरी राहिली. कानिपा तोवर म्हातारी झाली होती आणि तिला सगळे अपा म्हणत.

अक्मारलने माळाचे चार सारखे तुकडे आखले. पहिल्यावर विषारी दाणे. दुसऱ्यावर धूर. तिसऱ्यावर उंच खांब, वर आडवी फळी आणि काहींवर पेट्या, म्हणजे ससाणे, घारी, घुबडं तिथे बसतील, राहतील आणि खारी खातील. चौथ्या तुकड्यावर काहीच करायचं नाही, म्हणजे बाकीच्यांशी ताडून बघता येईल.

चौथ्या तुकड्यावर नेमणूक व्हावी म्हणून गावातल्या सगळ्या पुरुषांनी अर्ज केले. झुमाशची निवड झाली. पहिल्याच दिवशी काहीच न करण्याच्या कामावर तो दोन तास उशिरा आला आणि त्याने माफी मागितली.

हे सगळं जिल्हा कार्यालयाच्या तुरारच्या देखरेखीखाली चाललं होतं. तुरार वाईट माणूस नव्हता. त्याच्याकडे एक फॉर्म होता आणि तो फॉर्म पूर्ण भरायचा होता, एवढंच. फॉर्मवर लिहिलेलं होतं, की तिसऱ्या वर्षाच्या मे महिन्यात ज्या तुकड्यावर सगळ्यात कमी खारी उरतील, ती पद्धत कोकसायच्या आख्ख्या माळावर वापरायची. विष जिंकलं तर दाणे चमच्याने नाही, विमानाने टाकायचे, पुढच्याच आठवड्यात.

कानिपाकडे तेव्हा शुबार नावाची ताझी कुत्री होती. ती गाभण होती. ताझीला खार दिसली की ती पळणार, धरणार आणि खाणार, हे तुम्ही कितीही फॉर्म भरलेत तरी बदलत नाही. कानिपाने अक्मारलला एकदाच विचारलं, विमान येणार का. अक्मारल म्हणाली, नाही अपा, खांब जिंकतायत. आणि ते खरं होतं. विषाच्या तुकड्यावर पहिल्या वर्षी नऊ बिळांत खारी उरल्या, दुसऱ्या वर्षी सत्तेचाळीस. दाणे दर वर्षी टाकले, पण तिथे शिकारी पक्षी टिकत नव्हते आणि मोकळं घर दिसलं की शेजारच्या खारी येऊन राहत होत्या. खांबांच्या तुकड्यावर पहिल्या वर्षी एकशे ऐंशी आणि दुसऱ्या वर्षी पंचाण्णव. पक्षी सावकाश आले, पण आले ते राहिले. धुराच्या तुकड्यावरचे आकडे मी देत नाही. तिथे मुख्यतः झुमाशच्या पुतण्याला खोकला झाला.

आता मोजणी कशी करतात ते सांगितलं पाहिजे, कारण सगळा घोळ तिथेच झाला. संध्याकाळी तुकड्यावरची सगळी बिळं पायाने माती दाबून बंद करायची. सकाळी जाऊन बघायचं. जे बीळ आतून उघडलेलं असेल, तिथे खार जिवंत आहे. जे बंदच राहिलं, ते रिकामं. सोपी आणि हुशार पद्धत आहे. तिच्यात एकच धोका आहे, तो म्हणजे कानिपा.

पहिली दोन वर्षं मोजणीच्या वेळी कानिपा मेंढ्या घेऊन लांबच्या कुरणावर गेलेली असायची. तिसऱ्या वर्षी शुबारमुळे ती घरी राहिली. त्या संध्याकाळी तिने अंगणातून पाहिलं, की गावची चार माणसं खांबांखालून चालतायत आणि एकेका बिळावर पाय देऊन दार लिंपतायत. तिने कोणाला काही विचारलं नाही. आमच्याकडे म्हाताऱ्या बायका विचारत नाहीत, करतात.

आमच्याकडे शत्रूला द्यायचा सगळ्यात मोठा शाप म्हणजे, तुझं दार बंद होवो. भरलेल्या घराचं दार बाहेरून लावणं, तेही दिवस मावळताना, याहून वाईट काम कानिपाला माहीत नव्हतं. माणसं चहाला गेल्यावर ती गोठ्यामागे आली आणि तिने मला सरळ केलं. तीसहून जास्त वर्षांनी मी आकाश पाहिलं. आकाश बदललं नव्हतं. तिने राखेने मला पुन्हा घासलं, भोकात चिंधीचं बूच ठोकलं आणि माझ्यात भाजलेली वरी भरली. कोणाच्या दारात रिकाम्या हाताने जायचं नसतं. मग उन्हं पिवळी असेतो ती एकेका बिळाशी वाकली, बोटांनी माती उकरून दार उघडलं, उंबऱ्यावर चिमूटभर वरी ठेवली आणि झाल्या प्रकाराबद्दल गावाच्या वतीने माफी मागितली.

दोनशे बारा बिळं होती. तिचे गुडघे मला ऐकू येत होते.

तिचं अंगण खांबांच्या तुकड्याला लागून होतं, म्हणून तिला तेवढाच तुकडा दिसला. बाकीच्या तीन तुकड्यांवरची दारं बंदच राहिली.

सकाळी तुरारने आकडे वाचले. विष: अठ्ठ्याऐंशी. धूर: एकशे सत्तर. काहीच नाही: दोनशे तीन. खांब: दोनशे बारापैकी दोनशे बारा.

“म्हणजे आमची काहीच न करायची पद्धत तुमच्या खांबांपेक्षा चांगली,” झुमाश म्हणाला. “मी गेल्या वर्षी दोनदा रजासुद्धा घेतली होती.”

तुरारने फॉर्मच्या पहिल्या रकान्यात आकडा लिहिला. शेजारी त्याने नोंद केली, की खांबांच्या सावलीमुळे खारींना राहायला आवडत असावं. मोजणी दोनदा करायची असते. दुसरी दुसऱ्या दिवशी. दुसराही आकडा असाच आला तर तो दुपारी निघणार होता आणि पुढच्या सोमवारी विमान येणार होतं.

अक्मारल त्या दिवशी जेवली नाही. तिचे डोळे लाल झाले. कानिपाला घाबरवायला नको म्हणून तिने काही सांगितलं नाही. कानिपाने ते डोळे पाहिले आणि शहरातल्या कोणा मुलाने फसवलं असणार असं समजून तिनेही काही विचारलं नाही. एकमेकींवर माया असली की असं होतं.

मी दाराशी उभी होते. तुरार आणि अक्मारल अंगणात बोलत होते, त्यामुळे उघडं दार म्हणजे जिवंत खार, हे आता मला कळलं होतं. ही बोलते, असं दोसान म्हणाला होता. मित्रांनो, त्या दिवशी मला आयुष्यात एकच वाक्य बोलायचं होतं. मी ऊन खाल्लं, वाऱ्यावर कडी हलवली, एका कोंबडीला घाबरवलं. त्यातून कोणाला काही समजलं नाही.

संध्याकाळी दारं पुन्हा बंद झाली. कानिपा मला घेऊन पुन्हा निघाली, या खेपेला काठोकाठ वरी भरून, कारण एकाच घरावर दोनदा असा प्रसंग आणणं म्हणजे फारच झालं. दोनशे बारावं दार उघडून ती घराकडे वळली तेव्हा चिंधीचं बूच सैल झालं होतं. ते मी मुद्दाम सोडलं असं म्हणायला मला आवडेल. बादलीला बूच सोडता येत नाही. पण मी ते धरूनही ठेवलं नाही.

सकाळी अक्मारल पहिल्याच बिळाशी गुडघे टेकून बसली आणि बराच वेळ उठली नाही. माती आतून बाहेर ढकललेली नव्हती. बाहेरून उकरलेली होती, आणि उंबऱ्यावर भाजलेली वरी होती. शेवटच्या बिळापासून वरीची एक बारीक रेघ निघाली होती. अर्धी रेघ चिमण्यांनी खाल्ली होती. उरलेली अर्धी पुरली. अक्मारल, तुरार आणि झुमाश त्या रेघेवरून एकामागे एक चालत आले, ओढ्याला वळसा घातला, कानिपाच्या अंगणात शिरले आणि माझ्यापुढे थांबले.

तुरारने माझ्या पोटावरचं अक्षर वाचलं. विष. त्याने वही काढली आणि उभ्याउभ्याच लिहिलं: पाचवी पद्धत आढळली. विष घातल्यास संख्या वाढते.

कानिपाने दार उघडलं आणि आधी चहा घ्या म्हणाली. आमच्याकडे चहाआधी कामाचं बोलत नाहीत, मग काम विमानाचं असलं तरी. सगळे आत जाऊन बसले. दार उघडंच होतं, म्हणून मला ऐकू आलं. चहाच्या तिसऱ्या वाटीनंतर अक्मारलने विचारलं.

“अपा, बिळं तुम्ही उघडता?”

“मग काय तशीच ठेवू?” कानिपा म्हणाली. “तुझ्यासमोर बोलत नव्हते, तू आधीच दुःखात. पण दिवस मावळताना भरल्या घराचं दार बाहेरून लिंपायचं, ही कुठली रीत गं? त्या गहू कुरतडत असतील, पण लेकरंबाळं त्यांनाही आहेत.”

“अपा, जे दार उघडं दिसतं तिथे जिवंत खार आहे, असं आम्ही लिहितो.”

“बरोबरच आहे.”

“ज्या तुकड्यावर उघडी दारं जास्त, तो तुकडा हरतो. खांब हरले. विष जिंकलं.”

चहाची किटली खाली ठेवल्याचा आवाज आला. शुबार उठून कानिपाच्या पायाशी जाऊन बसली असावी, कारण तिची नखं जमिनीवर वाजली.

“म्हणजे विमान मी बोलावलं,” कानिपा म्हणाली.

अक्मारलने तुरारला तिसरी मोजणी करू द्या म्हणून विनवलं. तुरारने फॉर्म दाखवला. मोजणीचे रकाने दोन होते आणि दोन्ही आकडे तयार होते. तिसरी मोजणी लिहायची कुठे? त्याला खरंच वाईट वाटत होतं. पण दुपारी निघून संध्याकाळपर्यंत फॉर्म कार्यालयात पोचवायचा होता. त्याने वाटी पुढे केली, शेवटची.

मित्रांनो, आमच्याकडे पाहुण्याला चहा अर्धी वाटी देतात. अर्धी वाटी म्हणजे बसा, आणखी घ्या. काठोकाठ भरलेली वाटी म्हणजे प्या आणि निघा. भरलेली वाटी मिळाल्याशिवाय उठणं हा घराचा अपमान असतो, आणि तुरार नीट वाढवलेला मुलगा होता. कानिपाने त्याला अर्धी वाटी दिली. ती संपल्यावर अर्धी वाटी दिली. दुपार झाली, त्याने घड्याळाकडे बघितलं, तिने अर्धी वाटी दिली. झुमाशने हळूच जाऊन मेंढी कापली. मेंढीचं शिजलेलं डोकं पाहुण्यापुढे ठेवायचं असतं आणि ते शिजायला वेळ लागतो. सव्विसाव्या वाटीला तुरार म्हणाला, की फॉर्मच्या तळाशी ‘शेरा’ असा एक रकाना आहे खरा आणि त्यात काय लिहावं याबद्दल नियम काहीच सांगत नाही.

तेव्हा कुठे कानिपाने त्याची वाटी काठोकाठ भरली.

संध्याकाळी दारं पुन्हा बंद झाली. आता प्रश्न कानिपाचा होता. ती स्वतःच म्हणाली, की माझा भरवसा धरू नका, मी उठून जाईन, मला माझा स्वभाव माहीत आहे. माझं दार बाहेरून लावा.

कोणी हललं नाही. अक्मारलने मान खाली घातली. झुमाश म्हणाला, की आपली नेमणूक काहीच न करण्यावर आहे. तुरार दोन पावलं मागे सरला.

“अपा, माझ्या हातून हे होणार नाही,” तो म्हणाला. “मला आई आहे.”

“लाव रे,” कानिपा म्हणाली. “सकाळी कोणीतरी उघडणार आहे हे मला ठाऊक आहे. त्यांना ते ठाऊक नव्हतं, एवढाच फरक.”

तुरारने दार ओढलं, कडी लावली आणि लगेच मला पालथं घालून माझ्यावर बसला. ज्या दाराशी माणूस बसलं आहे ते दार बंद म्हणता येत नाही, असा त्याचा हिशोब होता. तुरार वजनदार माणूस आहे. माझ्या बुडाचं भोक त्या मुक्कामात बोटभराचं दोन बोटांचं झालं. मी कुरकुर केली नाही. पाणबुडीचं रक्त.

सकाळी त्याने आधी कानिपाचं दार उघडलं आणि मग वही. आत शुबारने चार पिल्लं दिली होती. कानिपा म्हणाली, बाहेर जायला जमलं नाही ते बरंच झालं, इथेच काम होतं.

खांबांच्या तुकड्यावर एकतीस दारं उघडी होती. बाकीची एकशे एक्याऐंशी बंद, रिकामी. तुरारने तीनदा मोजलं. ‘शेरा’ या रकान्यात त्याने लिहिलं: ३१. आधीचे दोन्ही आकडे पाहुणचारामुळे चुकले.

विमान आलं नाही. आता तुम्ही चकित होऊ शकता.

त्यानंतर कोकसायच्या माळावर आणखी दोनशे खांब उभे राहिले. मागच्या वर्षी एका खांबावर गरुडाची जोडी बसली. ती राहील का ते अजून सांगता येत नाही, पण तिने काड्या आणायला सुरुवात केली आहे. खारी संपलेल्या नाहीत. अक्मारल म्हणते, संपवायच्या नव्हत्याच, गव्हाला पुरून उराव्यात इतक्या नकोत, एवढंच. कानिपाही म्हणते, एवढ्यांना वरी परवडते. शुबारची चारही पिल्लं मोठी झाली आणि त्यातलं एक तुरारकडे आहे.

मला एका खांबावर आडवं बांधलं. माझ्यात एक छोटं घुबड राहतं. तुमच्याकडे कोणाला घुबड म्हटलं तर भांडण होतं, आमच्याकडे घुबडाचं पीस बाळाच्या पाळण्याला बांधतात. माझं घुबड फार लहान आहे. ते भुंगे खातं, आणि मोठी खार समोर आली तर माझ्यात मागे सरकून बसतं. तरी अक्मारलच्या तक्त्यात आम्हा दोघांची नोंद ‘पद्धत’ अशीच आहे. बुडाच्या भोकातून पावसाचं पाणी निघून जातं आणि पिल्लं कोरडी राहतात. गंजलेलं, गळकं, डाग पडलेलं भांडं दिसलं तर लगेच फेकू नका, मित्रांनो. त्याच्याकडून काय वाहून घेतलं होतं ते आधी आठवा. उरलेलं मी कार्यालयालाच कळवते.

प्रति,
जिल्हा कार्यालय, कृंतक (उंदीर-खारी) विभाग.

विषय: बादल्यांच्या संमतीबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून अर्ज करते, की यापुढे कोणत्याही बादलीच्या पोटावर ‘विष’ हा शब्द रंगवण्यापूर्वी संबंधित बादलीची लेखी संमती तीन प्रतींत घेण्यात यावी. एक प्रत कार्यालयाकडे, एक बादलीकडे आणि एक गावातल्या सर्वांत थोरल्या कुत्रीकडे राहावी. बादलीने सात दिवसांत उत्तर न दिल्यास तिचा नकार आहे असे समजावे आणि तिला पाण्याच्या कामावर घ्यावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
बादली, खांब क्रमांक १४, कोकसाय.